आल्याचा केक आणि निळी फीत

वेदरली टेकडीवरच्या मुलींच्या कॉलेजनं छापील पत्रक पाठवलं होतं. त्यात सोबत काय आणावं याची एक यादी होती आणि काय आणू नये याची दुसरी. केझाया टटलनं पहिली यादी चौदा वेळा वाचली. दुसरी एकदाच वाचली आणि घडी घालून फडताळात सरकवून दिली.

आणायच्या यादीत बायबल, शब्दकोश, नकाशांचं पुस्तक, छत्री, दोन चमचे आणि नाव घातलेले टॉवेल होते. न आणायच्या यादीत कादंबऱ्या, दागिने आणि सर्वांत शेवटी, ठळक अक्षरांत, 'घरून खाण्याचा कोणताही जिन्नस'.

"असले नियम दुसऱ्यांच्या मुलींसाठी असतात," केझाया नवऱ्याला म्हणाली.

"मग आपल्या मुलीसाठी कुठले असतात?" ॲसानं विचारलं.

"आपली लव्हिना बारीक आहे. आणि तिथे दीडशे मुली एका चुलीवर जेवणार. पहिला घास तिच्या तोंडात जाईस्तोवर ख्रिसमस उजाडेल."

"अगं, ती शिकायला चाललीय. उत्तर ध्रुवावर नाही."

"तुम्हाला काय जातंय बोलायला."

सोमवारी लव्हिना तिच्या आत्याकडे निरोप घ्यायला गेली, तेवढ्यात केझायानं आल्याचा केक भाजला. काकवी, लोणी, मूठभर आलं आणि वर लवंगेची पूड. हा केक नीट गुंडाळला तर पहिला बर्फ पडेपर्यंत टिकतो, आणि लव्हिना लहानपणी आजारी पडली की दुसरं काही घशाखाली उतरवत नसे. चार पौंडांचा तो ऐवज फडक्यात बांधून केझायानं टोपीच्या गोल डब्यात घातला, डबा पेटीच्या तळाशी ठेवला आणि वर फ्लॅनेलचे परकर रचले. मग पेटीवर बसून तिनं जरा वेळ श्वास घेतला. खोकल्याचं औषध राहिलं असं वाटून पेटी पुन्हा उघडली. राहिलं नव्हतं.

केझायाची स्वतःची शाळा चौदाव्या वर्षी सुटली होती. आई गेली, मागे चार धाकटी, पाटी माळ्यावर गेली ती गेलीच. अठराव्या वर्षी लव्हिना झाली. तिला पाळण्यात बघताना केझायानं एक गोष्ट मनाशी ठरवली होती आणि ती कुणालाही, ॲसालासुद्धा, सांगितली नव्हती. ती आज गुरुवारी दुपारी एक वाजता घडणार होती.

आगगाडीनंतर सहा मैल घोड्यांची डाकगाडी. कॉलेजच्या चार मजली लाल इमारतीपुढे गाडी थांबली तेव्हा गाडीवान हायरमनं आधी पेटी उतरवली, मग केझायाची कापडी पिशवी.

"मावशी, पेटीपेक्षा तुमची पिशवीच जड आहे," तो म्हणाला.

"त्यात भजनांचं पुस्तक आहे."

"लांबलचक भजनं असणार. परतीला सहा वाजता निघतो मी. थांबणार नाही हं."

केझायानं पिशवी दंडात अडकवली. खरंच जड लागत होती. पहाटे तीनपासून जागं राहिल्यावर विणकामाची सुईसुद्धा जड लागते, असं म्हणून तिनं तो विषय सोडला. लव्हिनानं मात्र पिशवीकडे एकदा बघितलं, आणि मग पटकन इमारतीच्या खिडक्या मोजू लागली.

बाह्या सरसावून दोन मुली पेटी न्यायला आल्या. या कॉलेजात नोकरमाणूस नाही; झाडण्यापासून पाव भाजण्यापर्यंत सगळं मुलीच करतात. त्यातली ऑर्फा नावाची थोराड मुलगी दुसऱ्या वर्षाची होती आणि बोलण्याची हौस तिला दारातच भागवून घ्यावी लागत होती, कारण आत जिन्यांत आणि व्हरांड्यांत बोलायला बंदी होती.

"पेटी तिसऱ्या मजल्यावर जाईल. पाच वाजता शिक्षिका गेलर्डबाई सगळ्या पेट्या उघडून बघतात," ऑर्फा म्हणाली.

"उघडून?" केझायानं विचारलं.

"अगदी तळापर्यंत. मागच्या वर्षी एकीच्या पेटीत डुकराची अख्खी तंगडी निघाली, खारवलेली. ज्या गाडीनं आली त्याच गाडीनं परत गेली."

"तंगडी?"

"मुलगी. तंगडीपण, तिच्याबरोबरच."

केझायानं पेटीचं झाकण हातानं दाबून धरलं.

"आणि साडेचारला सभा असते," ऑर्फा पुढे म्हणाली. "दिवसभरात कुठला नियम मोडला ते आपलं आपण उभं राहून सांगायचं. नसेल मोडला तर तसं सांगायचं. खोटं बोलणारीला इथे जागा नाही. चल गं, उचल ती बाजू."

पेटी जिन्यावरून धडधडत वर गेली. पाठोपाठ लव्हिनाला कुणीतरी गणिताच्या परीक्षेला घेऊन गेलं. ती पास झाली तरच नाव पटावर चढणार होतं. जाता जाता ती म्हणाली, "आई, तू काळजी करू नकोस." हे वाक्य ऐकून आजवर कुणा आईची काळजी कमी झालेली नाही.

पाहुण्यांच्या खोलीत केझाया एकटीच उरली. तिनं पिशवीतून वरचा अर्धा विणलेला मोजा काढला, सात टाके घातले, सहा उसवले. लव्हिना आयुष्यात खोटं बोललेली नव्हती. पाचव्या वर्षी तिनं पाद्रीबुवांना सांगितलं होतं की तुमच्या प्रवचनात बाबांना फार छान झोप लागते. ही मुलगी आज साडेचारला उभी राहून 'मी नियम मोडला नाही' म्हणणार, आणि पाच वाजता तिच्या पेटीतून चार पौंडांचा केक निघणार. म्हणजे नियम मोडणारी आणि वर खोटारडी. सतरा वर्षांचं ठरवलेलं फडक्यात गुंडाळून परत सहाच्या गाडीला.

केझायानं मोजा पिशवीत कोंबला आणि ती उठली. पाहुण्यांनी खोलीबाहेर जाऊ नये अशी पाटी दारावरच होती. ती तिनं वाचली. सध्या तिचं आणि पाट्यांचं एकूणच बरं चाललेलं नव्हतं.

पहिला मजला निभावला. दुसऱ्याच्या वळणावर समोर गेलर्डबाई उभ्या. उंच, किडकिडीत, नाकावर चष्मा आणि ओठांत चार टाचण्या. केझायानं तोंड उघडलं, तशी बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मग आपल्या टोपलीतून निळी फीत काढली, ओठांतली एक टाचणी घेतली आणि केझायाच्या छातीवर फीत टोचून टाकली. निळी फीत म्हणजे नवी विद्यार्थिनी. पुढच्याच क्षणी केझाया त्यांच्या मागोमाग जिना उतरत होती.

स्वयंपाकघरात बोलायला परवानगी होती.

"उशीर केलात," गेलर्डबाई म्हणाल्या. "नवीन मुलींना काय काम येतं ते बघून पाळी लावतो आम्ही. कणीक मळता येते?"

"येते. पण बाई, मला जरा वर..."

"आधी कणीक, मग वर."

खरं सांगून टाकावं, असं केझायाच्या मनात आलं. पण मग जिन्यात काय करत होतात, असं बाई विचारणार. आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मागचा जिना होता, तो सरळ तिसऱ्या मजल्यावर जाताना दिसत होता. तिनं पिशवी खुंटीला अडकवली, बाह्या वर केल्या आणि कणकेत हात घातले.

तिथं नऊ मुली कणीक मळत होत्या. एकीची कोपरापर्यंत चिकटली होती, एक तिला नुसती थापटत होती, आजारी मांजराला थापटावं तशी. केझायानं अठरा वर्षं रोज पाव भाजला होता. हात आपोआप चालू लागले. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की बाकीचे हात थांबलेत.

"बघा," गेलर्डबाई मुलींना म्हणाल्या. "याला मळणं म्हणतात. वय काय तुमचं?"

"पस्तीस."

"संकोच करू नका. दोन वर्षांमागं एक एकोणचाळीसची होती. बारा वर्षं खेड्यात शाळा चालवून मग शिकायला आली. तुम्हाला मी पावाच्या पाळीची प्रमुख नेमते."

"बाई, पण मी..."

"हा वास कसला?" गेलर्डबाईंनी नाक वर केलं. "आलं. आज आल्याचं काही केलेलं नाही कुणी."

केझायाचे हात कणकेतच राहिले. वास तिलाही येत होता. तिसऱ्या मजल्यावरून, दोन लाकडी छतं आणि फ्लॅनेलचे सहा परकर भेदून केकचा वास इथवर पोचला होता. लवंग जरा जास्तच झाली, हे तिला सोमवारीच वाटलं होतं. गेलर्डबाईंनी एकेक करून तिन्ही भट्ट्या उघडून पाहिल्या. स्वयंपाकघराची मांजर खुंटीखाली येऊन बसली आणि वर बघत राहिली.

तेवढ्यात घंटा झाली. उरलेल्या नव्या मुलींनी ओळीनं परीक्षेला जायचं. घंटा झाली की बोलणं बंद. केझायानं पिशवी घेतली, ओळीच्या शेवटी उभी राहिली, आणि ओळ वळली तशी मागच्या जिन्याला लागली. सहा पायऱ्या चढली असेल, वरून ऑर्फा उतरत होती. तिनं निळी फीत बघितली, प्रेमानं मान हलवली, वाट चुकलेल्या नवखीला धरावं तसं केझायाचं कोपर धरलं आणि मुकाट्यानं तिला परीक्षेच्या खोलीत नेऊन शेवटच्या बाकावर बसवलं. ज्या बाईच्या मुलीची पेटी आपण तासापूर्वी उचलली तीच ही, हे ऑर्फाच्या डोक्यातही आलं नाही. डोक्यावर बॉनेट टोपी नसली आणि नाकावर पीठ लागलं की कुठलीही बाई विद्यार्थिनी दिसते.

पुढच्याच बाकावर लव्हिना होती. तिनं मागे वळून पाहिलं. आईच्या छातीवर निळी फीत, कोपरापर्यंत पीठ, दंडात पिशवी. लव्हिनाचा चेहरा पाटीसारखा कोरा झाला.

परीक्षा स्वतः प्राचार्य पेनिमनबाई घेत होत्या. बुटक्या, गोल, आणि बोलल्या की खोली आणखी शांत व्हायची. तोंडी हिशेब होता, पाटी न वापरता.

"टटल. अकरा यार्ड फ्लॅनेल आहे. एका परकराला पावणेदोन यार्ड लागतं. किती परकर होतील?"

लव्हिना उभी राहिली. असले हिशेब ती गाईची धार काढता काढता करायची. पण तिच्या डोळ्यांपुढे आता फक्त निळी फीत होती.

"अकरा..." ती म्हणाली. "अकरा यार्ड..."

आपल्यामुळे पोरगी अडली, हे केझायाला स्वच्छ दिसलं. केकनं नाही तर आईनं घात केला. जमीन दुभंगावी असं वाटत असतानाच पेनिमनबाईंचं बोट पुढे सरकलं.

"मागची. तुम्ही सांगा."

"सहा," केझायाच्या तोंडून निघून गेलं. "अर्धा यार्ड उरतो. पण सातवासुद्धा होतो, बाई. कमरेची पट्टी जुन्या परकराची लावायची, आणि सातवा धाकटीला द्यायचा. तिला कुठं एवढा लांब लागतो."

कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. मग लव्हिनाच हसली. तिला तो सातवा परकर आठवला. तेव्हा मावश्याही घरात होत्या, त्यांत सगळ्यांत धाकटी तीच, आणि सहा वर्षांची असताना तो तिनंच घातला होता. पुढचा प्रश्न पेनिमनबाईंनी पुरता विचारायच्या आत तिनं उत्तर दिलं. त्याच्या पुढच्याचंही.

पेनिमनबाईंनी केझायाचं आडनाव विचारलं आणि दोन चिठ्ठ्या लिहिल्या. "अंकगणित, उत्तीर्ण. दोघी टटलच का? बहिणी दिसता."

लव्हिनानं खरं सांगायला तोंड उघडलं, आणि सभेची घंटा झाली.

सभागृहात दीडशे मुली बसल्या. पहिल्या रांगेपासून एकेक जण उठून बोलू लागली.

"मी सकाळी जिन्यात बोलले. दोन शब्द."

"मी घंटेनंतर चार मिनिटं झोपले."

"प्रार्थनेच्या वेळी मी खिडकीतून बाहेर बघितलं. घोडा होता."

पेनिमनबाई प्रत्येकीला मान हलवत होत्या. रांग पुढे सरकत लव्हिनापाशी येत होती. केझाया तिच्यापासून चार जागा अलीकडे होती. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाचाला दहा कमी. तिसऱ्या मजल्यावर जायचा आता कुठलाच जिना उरला नव्हता. मग स्वतःची पाळी यायच्या आतच केझाया उठली. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली होती.

"मी नियम मोडला," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "तिसऱ्या मजल्यावर लव्हिना टटलच्या पेटीत, तळाशी, टोपीच्या डब्यात आल्याचा केक आहे. तो मी ठेवलाय. तिला यातलं काही माहीत नाही. तिला परत पाठवू नका. तिनं सगळी गणितं बरोबर सांगितली. पहिलं राहिलं, ते माझ्यामुळे."

दीडशे माना वळल्या.

"आपण तिच्या कोण?" पेनिमनबाईंनी विचारलं.

"केझाया टटल. तिची आई."

"आई," पेनिमनबाई म्हणाल्या आणि त्यांनी गेलर्डबाईंकडे पाहिलं. गेलर्डबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि केझायाला पहिल्यांदाच नीट न्याहाळलं.

"पण कणीक उत्तम मळतात," त्या म्हणाल्या.

पेटी खाली आणवली गेली. ऑर्फानं झाकण उघडलं. फ्लॅनेलचे सहा परकर एकामागून एक सगळ्या कॉलेजसमोर बाहेर आले, आणि केझायानं डोळे मिटून घेतले. मग गोल डबा निघाला. ऑर्फानं तो उघडला.

टोपीच्या डब्यात टोपी होती.

"मला काही सांगायचंय," लव्हिना उभी राहिली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "केक मी मंगळवारीच काढला. पत्रकातल्या दोन्ही याद्या मी वाचल्या होत्या. आई लपवताना मला दिसली होती."

"मग आईंना सांगितलं का नाही?" पेनिमनबाईंनी विचारलं.

"सांगितलं असतं तर तिनं दुसरा केला असता."

केला असता, हे केझायानं मान हलवून कबूल केलं.

"आता तो केक कुठाय?"

"आईच्या पिशवीत. विणकामाच्या खाली," लव्हिना म्हणाली, आणि मग आईकडे बघत हळू आवाजात, "तू काळजीत असलीस की जेवत नाहीस. जाताना वाटेत खाशील म्हणून ठेवला. पाहुण्यांच्या पिशवीत काय असावं याचा नियम नाहीये, मी बघितलंय."

केझायानं पिशवीत हात घातला. मोजा, लोकर, भजनांचं पुस्तक, आणि त्याखाली तिनं स्वतः मारलेली फडक्याची गाठ. ती जिने चढली होती, कणीक मळली होती, फ्लॅनेलचा हिशेब दिला होता, आणि सगळीकडे केक बरोबर होता. आल्याचा वास सभागृहभर पसरला.

"तरीच," गेलर्डबाई म्हणाल्या. "भट्ट्या साफ होत्या माझ्या."

पेनिमनबाईंनी पेटीचं झाकण लावलं. त्यांची हनुवटी थोडी थरथरत होती, पण आवाज नेहमीचाच होता.

"लव्हिना टटल, तुमच्या पेटीत काही सापडलं नाही आणि तुम्ही खरं बोललात. बसा. केझाया टटल, पाहुण्यांना केक आणायला मनाई नाही, हे तुमची मुलगी बरोबर सांगते. पण तुम्ही आमची फीत लावलीत, पावाच्या पाळीवर रुजू झालात आणि अंकगणितात उत्तीर्णही झालात. म्हणजे दुपारपासून तुम्ही इथल्या विद्यार्थिनी आहात, आणि विद्यार्थिनीजवळ घरचा खाण्याचा जिन्नस सापडला आहे. नियमाप्रमाणे तुम्हाला सहाच्या गाडीनं परत जावं लागेल."

"होय, बाई," केझाया म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं.

"जिन्नस आधी तपासायला हवा," गेलर्डबाईंनी सुचवलं. "शिक्षिका सात आहेत. एकेक तुकडा पुरे."

तपासणी काळजीपूर्वक झाली. पेनिमनबाईंनी तर दोनदा तपासला.

सहाला पाच मिनिटं असताना लव्हिना गाडीपाशी आली. केझायानं तिची कॉलर सरळ केली, ती सरळच होती.

"खिडकीजवळ झोपू नकोस."

"आई, इथे खिडक्या उघड्या ठेवायचा नियम आहे."

"कसले मेले नियम. पत्र लिही."

"लिहीन. आणि तू खा."

हायरमनं घोडे हाकले. वळणावर लाल इमारत झाडांमागे गेली तरी केझाया वळूनच बसली होती. मग तिनं पिशवी मांडीवर घेतली. आता ती हलकी लागत होती. फडकं सोडून तिनं एक तुकडा मोडला, आणि दुसरा पुढे हायरमच्या हातात दिला.

"घेतलं का लेकीला?" हायरमनं विचारलं.

"घेतलं."

"मग डोळे का पुसताय, मावशी?"

"मला काढून टाकलं."

हायरमनं मागे वळून तिच्या छातीवरची निळी फीत बघितली. ती काढून घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं, आणि केझायानं आठवण करून दिली नव्हती. तो बराच वेळ केक चघळत राहिला.

"गणितात का?" शेवटी त्यानं विचारलं.

"नाही," केझाया म्हणाली आणि तिनं खिशातली चिठ्ठी चाचपून पाहिली. "गणितात पास झालेय मी."